जिन्याच्या वळणावरचा दिवा

बस जागची हलली आणि त्याच क्षणी कोणीतरी पत्र्यावर धाडकन थाप मारली.

मी ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले. कोणीतरी चाकाखाली आलं... आता पोलीस, आता कोर्ट, आता आईचं कोण बघणार... दोन-तीन सेकंदांत मी स्वतःला तुरुंगात घालून आईला मावशीकडे पोचवूनही मोकळी झाले होते. मग खिडकीत एक चेहरा आला. मेट्रोचा निळा गणवेश, कपाळावर पावसाचे बारीक थेंब, आणि धाप अशी की बोलताच येईना. त्याच्या हातात एक चप्पल होती. बायकांची, डाव्या पायाची.

"दिवा... दिवा दिसला नाही का तुम्हाला?"

"क... कुठला दिवा?"

"तो काय!" त्याने चपलेनेच मागे दाखवलं.

मेट्रो स्टेशनचा जिना जिथे वळतो तिथे एक उभी, अरुंद खिडकी आहे. त्या खिडकीत पिवळा दिवा लागलेला होता. मी तीन दिवस रोज तिथे बस लावत होते, पण मान वर करून कधी बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात एका पायात चप्पल आणि दुसरा पाय भिजलेला, अशा अवस्थेत एक सिस्टर लंगडत आल्या. त्याच्या हातातून चप्पल घेऊन त्या बसमध्ये चढल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, केवढी थरथरतेयस! आणि तू आमची ड्रायव्हर?"

बसमधले सगळे हसले. तोही हसला. मला मात्र क्लचवर पाय ठेवायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

खरं सांगू का, मी आहेच भित्री. पाल, विजांचा कडकडाट, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, साहेबांच्या केबिनचा दरवाजा... या सगळ्याची मला भीती वाटते. बसची तेवढी वाटत नाही. बाबांनी त्यांच्या टेम्पोवर मला अठराव्या वर्षी स्टिअरिंग धरायला शिकवलं, तेव्हापासून काचेच्या आत बसलं की मला जरा बरं वाटतं. आई म्हणते, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तसं तुझं आहे. घाबरतेस म्हणून तुझ्याच मागे सगळं लागतं." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. नोकरी लागली तीही सहा महिन्यांच्या कच्च्या नेमणुकीवर, आणि अट अशी की सहा महिन्यांत उशिराचे तीन शेरे पडले तर नोकरी पक्की होणार नाही. बसमधलं मशीनच वेळ नोंदवायचं. तीन मिनिटं उशीर झाला की शेरा. कारण सांगायची सोय नव्हती.

हे आमचं स्टेशन म्हणजे मेट्रोच्या मार्गावरचं शेवटचं. मेट्रो इथवर माणसं आणून सोडते आणि परत फिरते. पण रुग्णालय, शाळा, कारखाने सगळे इथून पुढे साडेतीन किलोमीटरवर. त्या माणसांना पुढे नेते ती माझी बस. मेट्रो येते आठ वाजून नऊ मिनिटांनी, माझी बस निघते आठ चौदाला, पुढची थेट आठ चाळीसला. मेट्रोला चार मिनिटं उशीर झाला की जिना उतरणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बस निघून जाते. म्हणून तो दिवा. कोणी सुरू केला कोणालाच माहीत नाही, कुठल्या नियमात तो नाही. दिवा लागला, म्हणजे माणसं जिन्यावर आहेत, थांबा. दिवा विझला, म्हणजे शेवटचा माणूस खाली आला, निघा.

आणि तो दिवा लावायचा-विझवायचा तो, निळ्या गणवेशातला.

दुसऱ्या दिवशी तो बसच्या खिडकीशी आला. "काल फार घाबरवलं का मी?"

"नाही," मी म्हणाले. आवाज कापला तो कापलाच.

"मग आज स्टिअरिंग एवढं घट्ट का धरलंय? बस बंद आहे, भागूबाई."

"कोण भागूबाई?"

"भित्री असते ती."

मला रागही आला आणि हसूही आलं. "तुम्हाला नाही का कशाची भीती वाटत?"

"मला?" त्याने खांदे उडवले. "दिवसभर फलाटाच्या कडेच्या त्या पिवळ्या रेषेशी उभा असतो मी. परवा एक माणूस चक्कर येऊन रुळांच्या बाजूला कलंडला, त्याला ओढताना मीच अर्धा बाहेर गेलो होतो. आपण नाही भीत बुवा."

त्याने हे अगदी सहज सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या भीतीच्या यादीत एकाची भर पडली. पिवळी रेषा. मी कधी वर गेलेही नव्हते, तरी सकाळी आठ वाजले की ती मला दिसायला लागायची.

असे आम्ही रोज दोन-तीन मिनिटं भेटायचो. तो खाली, मी वर, मध्ये बसची खिडकी. तो विचारायचा, "आज काय काय घाबरवून गेलं?" मी सांगायची. कुत्रा, मागून हॉर्न मारणारा ट्रक, कंट्रोलर साहेबांचा खोकला. तो प्रत्येकावर काहीतरी बोलायचा आणि मग सगळं थोडं लहान व्हायचं. एकदा त्याने आरशावर अडकलेलं पान काढलं, काच रुमालाने पुसली आणि म्हणाला, "आता मागचं नीट दिसेल." मी निघाले. आरशात तो बराच वेळ दिसत राहिला, आणि पहिल्या वळणावर मी इंडिकेटर द्यायचा विसरले.

दर गुरुवारी चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा यायचे, रुग्णालयात व्यायामाला. तो त्यांना लिफ्टमध्ये बसवायचा, खालचं बटण दाबायचा आणि स्वतः जिन्याने धावत खाली येऊन लिफ्टच्या दाराशी उभा राहायचा. आजोबा बाहेर येताना ओरडायचे, "हरलो रे बाबा पुन्हा!" मला वाटायचं, किती हौशी माणूस आहे. तो स्वतः कधीच लिफ्टमध्ये चढत नाही, हे मला दिसत होतं, पण त्यात काही असेल असं वाटलं नव्हतं.

दिव्यासाठी थांबता थांबता पाच महिन्यांत माझे दोन शेरे झाले.

दुसरा शेरा पडला त्या संध्याकाळी आईने ताटावरून विचारलं, "कोणासाठी थांबतेस गं एवढी?"

"प्रवाशांसाठी."

"प्रवाशांचं नाव काढल्यावर कान लाल होतात होय तुझे?"

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. आईचे गुडघे गेल्यापासून तिचं शिवणकाम बंद होतं. ही नोकरी पक्की व्हायला हवी होती. दुसऱ्या दिवशी मी ठरवून मान वर केलीच नाही. दिवा लागला असणार हे मला ठाऊक होतं. आठ चौदाला निघाले. आरशात सिस्टर धावताना दिसल्या, एक हात वर, पर्स पोटाशी धरलेली... मग त्या थांबल्या. आणि त्यांच्या मागे जिन्याच्या पायथ्याशी तो उभा होता. त्याने हात वर केला नाही. काहीच केलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी तो खिडकीशी आला तेव्हा मीच आधी म्हणाले, "काल मी—"

"माहितीये," तो म्हणाला. "दोन शेरे झालेत ना? सिस्टर बोलल्या. मी आता अगदी गरज असेल तरच लावीन दिवा." मग खाली बघत म्हणाला, "पण लावला... तर बघाल ना?"

"बघीन," मी म्हणाले. आणि घाबरले. कारण मी खरंच बघणार होते.

सहा महिने संपायला आठ दिवस राहिले होते. गुरुवार. आभाळ दाटून आलं होतं, वायपर मध्येच अडकत होता. आठ नऊ झाले, मेट्रो नाही. आठ तेराला डोक्यावरचा पूल थरथरला. आणि खिडकीत दिवा लागला.

माणसं भराभरा उतरली. सिस्टर आल्या, कारखान्यातले लोक आले, शाळेतल्या बाई आल्या. आठ पंधरा. सिस्टर म्हणाल्या, "आले गं सगळे. चल."

मी वर बघितलं. दिवा अजून लागलेलाच होता.

"कोणीतरी असेल अजून," मी म्हणाले.

आठ सोळा. जिना रिकामा. मागून आवाज आला, "अहो ताई, चला की! आमची हजेरी जाईल!" अजून एक मिनिट, मग मशीन शेरा टाकणार, मग आठ दिवसांवर आलेली नोकरी जाणार. गिअरवर हात ठेवला. दिवा तसाच.

तो दिवा विझवायला कधीच विसरत नाही. दोन शेरे माहीत असताना तर मुळीच नाही. मग... विझवायला तो जागेवर नाही का? मग कुठे आहे?

पिवळी रेषा माझ्या डोळ्यांसमोर आली.

आठ सतरा. मशीन टुक् वाजलं.

मी हँडब्रेक ओढला, किल्ली काढली आणि सिस्टरना म्हणाले, "मी आलेच." ड्रायव्हरने प्रवाशांसह बस सोडून जायचं नसतं. हे मला पक्कं पाठ होतं. तरी मी पावसातून पळत होते, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीला मनात म्हणत होते, असू दे, असू दे, नुसता विसरलेला असू दे.

वळणावर दिव्याच्या बटणाशी कोणी नव्हतं. फलाटावर गेले. कोणी नव्हतं. मेट्रो परत गेलेली. मी त्या पिवळ्या रेषेपर्यंत गेले आणि डोळे घट्ट मिटून, मग उघडून, खाली रुळांवर बघितलं. रूळ रिकामे होते. मला रडूच आलं.

तेवढ्यात मागून धप् धप् आवाज आला. लिफ्टच्या बंद दारामागून.

"कोणी आहे का?" आजोबांचा आवाज. "अहो, लिफ्ट अडकलीय! मी बरा आहे, पण हा पोरगा पांढराफटक पडलाय!"

मी दाराला दोन्ही हात लावले. "कोण... कोण आहे सोबत?"

आतून काही क्षण नुसता श्वास ऐकू आला. भराभर, तुटका. मग त्याचा आवाज आला, पण ओळखू येईना असा. "भागूबाई?"

माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच पुन्हा वर आला, कारण त्या आवाजातली भीती मला चांगलीच ओळखीची होती. रोज माझ्याच आवाजात तर असते ती.

"तुम्ही लिफ्टमध्ये कसे?"

"आजोबांच्या खुर्चीचा ब्रेक तुटला... एकटं कसं सोडणार... म्हटलं, अर्ध्या मिनिटाचा तर प्रश्न..." तो थांबला. "मला बंद जागेत... लहानपणी कपाटात अडकलो होतो... मला श्वास घेता येत नाहीये हो."

"मेकॅनिकला फोन केलात?"

"आजोबांनी केला. दहा मिनिटं म्हणाला... दहा मिनिटं नाही निघणार माझी..." मग एकदम, "बस! बस कुठेय? किती वाजले? तुमचे आठ दिवस राहिलेत! जा तुम्ही! जा ना!"

"बस खाली आहे. मी इथे आहे," मी म्हणाले. आवाज, देव जाणे कसा, कापला नाही. "ऐका. मला भीती वाटली की मी काय करते सांगू? बसचे थांबे म्हणते. एकामागून एक. तुम्ही माझ्यामागून म्हणा. पहिला, पाण्याची टाकी."

"पाण्याची टाकी," तो म्हणाला. आणि मी दुसरा सांगायच्या आधीच पुढे म्हणाला, "मग शाळेचं मागचं फाटक. मग दोन वडांचा चौक. मग... मग कापड कारखाना. मग नर्सिंग होस्टेल. मग जुनं पोस्ट ऑफिस. मग रुग्णालय."

मी दाराकडे बघत राहिले. "तुम्ही तर माझ्या बसमध्ये एकदाही बसला नाहीत."

"नाही."

"मग?"

आतला श्वास थोडा संथ झाला होता. "नकाशा बघून पाठ केले. तुम्ही निघालात ना की मी वर जाऊन उभा राहतो... आणि मनात म्हणतो. आता टाकी आली असेल. आता शाळा... चौकात तो ट्रकवाला मागून हॉर्न मारत असेल, ती घाबरली असेल... रुग्णालय आलं की मगच मी कामाला लागतो. रोज. तुम्ही पोचेपर्यंत मला... भीती वाटते. मी खोटं बोललो होतो. मला भीती वाटते."

मी दाराच्या अजून जवळ सरकले. "मीही आत्ता रुळांवर बघून आले," मी म्हणाले. "तुम्हाला शोधायला."

"तुम्ही? पिवळ्या रेषेपर्यंत?"

"हो. पुन्हा असं नाही करायचं हं. मरायची वेळ आली होती माझी."

आतून नुसतं "म्हणजे... मी..." एवढंच ऐकू आलं. मग आजोबा म्हणाले, "अरे, मग पुढे बोल ना! मुलगी दारात उभी आहे आणि हा मध्येच अडकला. लिफ्ट बरी!"

आणि आतून तो हसला. रडल्यासारखा, पण हसला.

मेकॅनिकने येऊन लिफ्ट उघडली, आणि बस चौदा मिनिटं उशिरा निघाली.

चार दिवसांनी मला कंट्रोलर साहेबांनी बोलावलं. केबिनच्या दाराशीच माझी पाचावर धारण बसली होती. साहेब खोकले. "थांबायला कोणी सांगितलं होतं?"

दिव्याचं नाव घेतलं असतं तर सगळं त्याच्यावर गेलं असतं. तो दिवा नियमात नव्हता.

"कोणी नाही, साहेब. मीच थांबले."

"आणि बस सोडून वर का गेलात?"

"भीती वाटली म्हणून."

"कशाची?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. "तो पडला असेल याची."

साहेबांनी चष्मा काढला. खणातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. स्टेशनवरून आलेला. त्यानेच लिहिलेला. दिवा मी लावतो, तिचे तिन्ही शेरे माझ्या दिव्यामुळे पडलेत, तिची काही चूक नाही, असं लिहून खाली सही.

"तो म्हणतो चूक त्याची. तुम्ही म्हणता तुमची," साहेब म्हणाले. "त्या आजोबांनी फोन करून माझं डोकं खाल्लं, ते वेगळंच. पण मशीनमध्ये नोंद आहे, ती मला पुसता येत नाही. घरी नाही पाठवत तुम्हाला. कच्ची नेमणूक तीन महिने वाढवतोय. आणि हा मार्ग तुमच्यासाठी बंद. सोमवारपासून दुसऱ्या टोकाचं स्टेशन."

दुसरं टोक म्हणजे बावीस स्टेशनं पलीकडे. दिव्याचं बटणही त्यांनी काढून टाकलं. आता उशीर झाला की स्टेशनवरून बस-कंट्रोलला रीतसर फोन जाणार होता. सिस्टर म्हणाल्या, चांगलंच झालं की. झालंही असेल. त्या आठवड्यात त्याची दुपारची पाळी होती; शनिवारी मी शेवटची फेरी मारली तेव्हाही तो नव्हता. खिडकीत अंधार होता. आमचं 'पुढे' काही बोलणं झालंच नव्हतं, आणि आता होईल की नाही या भीतीने मी दोन दिवस जेवले नाही.

सोमवार गेला. मंगळवार, बुधवार. नवं स्टेशन जमिनीखाली होतं, जिन्याला वळण नव्हतं, खिडकी नव्हती. तरी आठ वाजले की माझी मान आपोआप वर जायची.

गुरुवारी, आठ वीसच्या फेरीला तीन मिनिटं असताना, बस-थांब्यासमोरच्या लिफ्टचं दार उघडलं. आत एकच माणूस होता. निळा गणवेश नव्हता, साधा पांढरा शर्ट होता, तोही घामाने पाठीला चिकटलेला. एका हाताने भिंत धरून तो बाहेर आला आणि दोन पावलांवर उभा राहून नुसता श्वास घेत राहिला.

मी खिडकीची काच सरकवली. "अहो, जिना होता की शेजारी!"

"होता," तो म्हणाला. ओठ अजून पांढरे होते. "जिन्याने आलो असतो तर तुम्हाला कसं कळलं असतं?"

"काय?"

"की मी... किती घाबरूनसुद्धा येईन ते."

मागच्या बाकावरच्या दोन मुली एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

"ड्युटी नाही आज?" मी विचारलं.

"गुरुवारची सुट्टी मागून घेतली. कायमची. आजोबांना दुसरा मुलगा उतरवतो आता, त्याला लिफ्टचं काही वाटत नाही." तो खिडकीशी आला, नेहमीसारखा, आणि काचेच्या कडेवर बोटं ठेवली. माझ्या बोटांच्या अगदी जवळ. "इथले थांबे नकाशावरून पाठ होत नाहीयेत, भागूबाई. म्हटलं, बसूनच शिकावं. शिकवाल?"

"सगळे?"

"शेवटच्या थांब्यापर्यंत."

घड्याळात आठ वीस झाले. आज एक सेकंदही उशीर करून चालणार नव्हतं, तीन महिने करून चालणार नव्हतं.

"मग चढा ना," मी म्हणाले. "बस थांबणार नाही तुमच्यासाठी."

तो चढला आणि माझ्या मागच्याच बाकावर बसला. मी पहिला गिअर टाकला. "हात थरथरतायत तुझे," तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच 'तुझे' म्हणाला.

"थरथरू दे. बस सरळ जाते," मी म्हणाले. "पहिला थांबा, भाजी बाजार. म्हण."

"भाजी बाजार," तो म्हणाला.